पानांना इस्त्री करणाऱ्या विहीणबाई

झाडाच्या पानाला इस्त्री करणारी बाई मी उभ्या आयुष्यात एकच बघितली, आणि ती माझ्या नशिबी विहीण म्हणून आली. अख्खी अमेरिका पालथी घातली तरी दुसरी मिळायची नाही. गेल्या गुरुवारी दुपारी आम्ही दोघांनी मिळून शेवटचं साधं काम केलं ते हेच. हर्नडनला माझ्या मुलाच्या घरी, जेवणाच्या टेबलावर टॉवेल अंथरला होता. टॉवेलवर बटर पेपर, त्यावर पानं, वर पुन्हा बटर पेपर. मी कागदाची दोन टोकं धरून उभा, आणि विहीणबाई अशी जपून इस्त्री फिरवतायत की जणू जावयाचा लग्नातला कोटच आहे. "भाऊ, हलवू नका नं. देठ दुमडून राहिला." मी म्हटलं, "विहीणबाई, आमच्या शर्टाला कधी एवढी इस्त्री मिळाली नाही." त्या म्हणाल्या, "तुमच्या शर्टात पाहण्यासारखं काय आहे?" तेवढ्यात नागपूरहून फोन आला. तो कशाचा ते पुढं सांगतो. आधी बाई कशी होती ते ऐका.

इकडं राहणाऱ्या आपल्या पोरांची एक पद्धत आहे. दोघंही नोकरीला, घरात लहान मूल, म्हणून आई-बाप भारतातून शिफ्टमध्ये येतात. व्हिसावर एका वेळी सहा महिने राहू देतात, तर सहा महिने मुलाचे आई-बाप आणि सहा महिने मुलीचे. एक जोडी विमानात बसवायची, दुसरी त्याच आठवड्यात उतरवून घ्यायची. पलंग तोच, रजई तीच, मसाल्याचा डबा तेवढा प्रत्येक आजी आपल्या पद्धतीनं लावून घेते. त्यामुळं नात जन्मल्यापासून आमची आणि विहीणबाईंची गाठ पडली ती त्या डब्यातच. आमची शिफ्ट मार्च ते ऑगस्ट, कारण मी कराडजवळचा पिठाच्या गिरणीवाला. दसरा झाला की चकलीची भाजणी, लाडवाचं बेसन, बायकांची रांग रस्त्यापर्यंत. दिवाळीला गिरणी बंद ठेवून अमेरिकेला गेलेल्या माणसाला गावात कुणी उभं करेल का? पुढं गिरणी विकली, पण शिफ्ट ठरून गेली होती. आणि ठरलेली शिफ्ट विहिणीकडं बदलून मागायची म्हणजे लग्नातला मानपान पुन्हा उकरून काढायचा. तेव्हा सप्टेंबर ते फेब्रुवारी हे विहीणबाईंचं राज्य. आमचे व्याही एकदाच आले होते. "हा देश नाही, फ्रिज आहे," असं म्हणून जे नागपूरला गेले ते पुन्हा फिरकले नाहीत. तेव्हापासून बाई एकट्याच येत.

आमच्या हिच्या मनात एक गोष्ट राहून गेली होती. ऑगस्टच्या शेवटी बॅगा भरताना ती खिडकीतून बाहेरच्या हिरव्या झाडांकडं बघायची आणि म्हणायची, "आता हे सगळं लाल होणार, आणि आपण निघालो. एकदा तरी ही लाल पानं बघायचीत मला." मी म्हणायचो, "गिरणीपुढचा पिंपळ दरवर्षी झडतो. तो बघ की." त्यावर तिचं एकच उत्तर, "तुम्हाला नाही कळायचं." खरंच कळलं नाही. गेल्या माघात तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. घरात मी एकटा. दूध उतू गेलं तरी गॅस कुणी बंद करेल याची वाट बघत बसायचो. मुलानं सप्टेंबरात बोलावून घेतलं. शिफ्ट विहीणबाईंची होती, पण आता शिफ्ट कुणी मोजायची? मी एकच ठरवून आलो होतो, हिला जे बघायचं होतं ते एकदा आपल्या डोळ्यांनी बघायचं. त्या पानांत एवढं काय होतं ते कळलं पाहिजे, मग गावाकडं जायला मोकळा. आणि ते दाखवायचं काम विहीणबाईंनी आपल्याकडं घेतलं. तिथंच माझा गोंधळ सुरू झाला.

बाई नागपूरच्या टेलिफोन खात्यातून रिटायर झालेल्या. आयुष्यभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिले, त्याची भरपाई आता चालू आहे. अमेरिकेत जिथं जिथं कुणाची आई शिफ्टवर आली असेल तिथं त्यांची ओळख. त्यांचं म्हणणं असं, की रंग वरून खाली येतो. आधी कॅनडाच्या बाजूला, मग बॉस्टन, मग न्यू जर्सी, मग आपण. शिवाय डोंगरावर आधी, गावात नंतर. सकाळचा चहा झाला की चष्मा लावून न्यू जर्सीच्या एका मावशींना फोन लावायच्या. "मावशी, तुमच्याकडं कसं काय? अर्धं पिवळं झालं? वारा सुटला का? मग आमच्याकडं येतंच आता." गाडी कुठल्या स्टेशनावर पोचली याची चौकशी चालावी तसं. मग आमच्याही खाली, दक्षिणेला, अल्फारेटाच्या एका काकूंना पुढची वर्दी जायची, "निघालंय बरं का इथून. तयारीत राहा." त्या काकू तिकडं घाबरून वाळवणं आत घेत असतील.

एवढी खबर ठेवूनही बाईंना समोरचं झाड कधी पसंत पडलं नाही. बागेत एखादं झाड चांगलं पेटल्यासारखं दिसायचं. मी म्हणायचो, "हे का?" त्या मान हलवायच्या, "हे काहीच नाही भाऊ. डोंगरात पाहा." डोंगरात नेलं तर म्हणायच्या, "आता खाली उतरला असेल." खाली पडलेलं पान उचलून उन्हात धरायच्या, उलटंपालटं करायच्या, संत्र्यासारखं हुंगायच्याही. "कच्चं आहे. चार दिवस राहू द्या." चार दिवसांनी तेच झाड, "गेलं हो, काल पाहिजे होतं!" कच्चं कुठलं, पिकलं कुठलं, गेलेलं कुठलं, मला शेवटपर्यंत कळलं नाही. झाडावरचं पान तोडायचं नाही हा मात्र त्यांचा कायदा होता. एकदा मी सहज एक ओढलं तर चारचौघांत माझ्या हातावर चापटी मारली. पडलेली पानं मग घरभर. तांदळाच्या डब्यात, पासपोर्टात, उशीखाली. एकदा मुलानं मीटिंगसाठी लॅपटॉप उघडला आणि आतून लालभडक पान खाली पडलं. तो सासूकडं बघत ओरडला, "आई, अहो मीटिंग चालू आहे!" बाई शांतपणे म्हणाल्या, "मग त्यांनाही दाखवा नं. रोज काय ते चौकोन पाहायचे?"

डोंगरातली गंमत सांगतो. एका शनिवारी बाईंनी सगळ्यांना अंधारात उठवून गाडीत कोंबलं. बरोबर कोथिंबिरीचं सारण भरून तळलेल्या नागपुरी पुडाच्या वड्या, थर्मासात चहा, आणि मला मुलाची जुनी टोपी. डोंगरावरच्या रस्त्यावर शिरायलाच गाड्यांची रांग. एवढे लोक पानं बघायला घरदार सोडून निघालेत हे बघूनच मी चक्रावलो. आमच्याकडं झाडाखाली एवढी माणसं जमली तर समजायचं, कुणीतरी फांदीवरून पडलंय. वर पोचलो आणि धुकं. कठड्यापलीकडं नुसतं पांढरं, दळणाच्या वेळी आमच्या गिरणीत असायचं तसं. बाई हटल्या नाहीत. मला कठड्याशी उभं केलं आणि हात लांब करून सुरू झाल्या, "हे उजवीकडं लाल. त्याच्या खाली पिवळं, अगदी हळदीसारखं. मधे मधे हिरवं आहे ते सूचिपर्णी. आणि तो पहा, तिथून रंग खाली ओघळून राहिला." शेजारी एक गोरं जोडपं उभं होतं. भाषा कळत नव्हती तरी बाईंच्या बोटामागं माना वळवून तेही धुकं बघत होते. मी म्हटलं, "विहीणबाई, मला पांढरं दिसतंय." त्या चिडल्या, "धुकं बाजूला करून पाहा नं भाऊ!" नात म्हणाली, "आजी, देअर इज नथिंग." आम्ही गाडीत बसून वड्या खाल्ल्या. उतरताना एका वळणावर धुक्याला भोक पडलं आणि त्यातून घासलेल्या तांब्याच्या हंड्यासारखं काहीतरी लखकन दिसलं. मी मान वळवेपर्यंत गेलं. मुलाला म्हटलं, "थांब, थांब." तो म्हणाला, "आबा, इथं थांबता येत नाही." मला वाटलं, तेच असेल का ते, हिचं? बाई मागून म्हणाल्या, "ते नव्हतंच भाऊ. खरं अजून यायचंय."

रोज दुपारी मात्र तळ्याकाठची बाग ठरलेली. बाई पुढं, मी मागं. वाटेत भेटेल त्याला, कुत्र्यासकट, "हॅलो! गुड कलर!" एवढ्या तीन शब्दांवर त्यांनी अर्धं हर्नडन आपलंसं केलं होतं. एकदा बाकावर बसलो होतो. पुण्याकडची एक नवराबायको आली, आयटीतली असावीत. मुलगी गोड होती. म्हणाली, "काका, तुमचा दोघांचा फोटो काढू का? मागे काय मस्त झाड आहे. जरा काकूंच्या जवळ सरका ना." मी उठलो आणि सवयीनं डावीकडं सरकून उजवीकडं जागा केली, हिला उभं राहायला. मग ध्यानात आलं, आणि पाय कुठं ठेवावेत तेच कळेना. बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "हे माझे नाहीत. माझे नागपूरला आहेत, त्यांना झाडं आवडत नाहीत. हे माझे व्याही." मुलगी लाजून लाल झाली. "अय्या, सॉरी काकू." "सॉरी काहून? काढ नं फोटो. मधे जागा राहू दे, झाड येऊ दे." परत येताना बाई म्हणाल्या, "आज ताई असत्या तर मी काढला असता फोटो, तुमचा दोघांचा." मला काय झालं कोण जाणे, मी फटकन बोललो, "असती तर ती इथं नसतीच. तिची शिफ्ट मार्चची." घर येईपर्यंत बाईंनी खाली पडलेलं एकही पान उचललं नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन सुरू, आणि अखेर निकाल लागला. बॉस्टन संपलं, न्यू जर्सी भरात, म्हणजे आपला डोंगर येत्या शनिवारी. "या खेपेला धुकं नाही. मी मावशींना विचारलं आहे." रविवारी दिवाळीची पहिली अंघोळ, म्हणून शनिवारी डोंगर करून संध्याकाळी घरी परत यायचं, असा बेत ठरला. मीही मनातून तयार झालो. म्हटलं, शनिवारी काय ते एकदाचं बघू.

आणि गुरुवारी इस्त्री चालू असताना तो फोन आला. व्याही रात्री बाथरूममध्ये घसरले, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन करायला लागणार, घरी दुसरं कुणी नाही. बाई "हो, हो" म्हणत होत्या आणि हातातली इस्त्री पानावरच राहिली होती. जळका वास आला तेव्हा मी ती उचलली. तिकीट मिळालं ते शनिवार संध्याकाळचं. डोंगर कॅन्सल केला. आता या वयात, त्या माणसाला अंथरुणावर ठेवून, बाई पुन्हा इकडं येतील असं कुणालाच वाटत नव्हतं. त्यांना स्वतःलाही नाही.

शनिवारी दुपारी मी त्यांच्या खोलीत बॅग बांधायला दोरी घेऊन गेलो. बाई पलंगावर बसल्या होत्या, मांडीवर नातीचं परकर-पोलकं. पहिल्या अंघोळीनंतर घालायला नागपूरहून शिवून आणलेलं. माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "भाऊ, ताईंना झाडापानांची आवड होती?"

"आवड कसली? परसात एक तोंडलीचा वेल होता, तोही मीच लावलेला."

"मग मला फोनवर काहून म्हणाल्या, की तुमच्या शिफ्टमधली लाल पानं एकदा पाहायची आहेत?"

"मला पण तेच म्हणायची. मी तेच बघायला आलोय की इथं."

बाईंनी पोलक्याची बाही सरळ केली. "त्यांना पानं नको होती, भाऊ. दिवाळी पाहिजे होती. या पोरीची एक दिवाळी."

मला काही उमगेना. म्हटलं, "मग तसं सरळ सांगायचं की! पानांचं कशाला काढायचं?"

"कसं सांगतील? दिवाळी माझ्या शिफ्टमध्ये. मागितली असती तर विहिणीच्या ताटातलं उचलल्यासारखं झालं असतं. म्हणून पानं म्हणाल्या बिचाऱ्या. आणि मी येडी, मला वाटलं खरंच पानं. तेव्हापासून मागं लागले. दरवर्षी रान तुडवून त्यांना फोटो पाठवत बसले. हा चांगला नाही, उद्याचा चांगला येईल, ताईंना सगळ्यात भारी झाडच पाठवायचं. नागपूरला माझ्या घरी एक कुंडी नाही भाऊ, मला काय करायचं होतं झाडांशी?" डोळ्यांना पदर लावला. "आज माझी दिवाळी हातची चालली तेव्हा कळलं."

खरं सांगू का, मला अजूनही नक्की कळलेलं नाही. कधी वाटतं बाई बरोबर, कधी वाटतं हिला पानंच बघायची असतील. माणूस गेल्यावर विचारायचं कुणाला? आणि एवढे दिवस आम्ही दोघं मिळून जे शोधत फिरलो ते डोंगरातही नव्हतं आणि बागेतही नव्हतं, असं म्हटलं तर मग ते धुक्यात दिसलेलं काय होतं? मी बॅग बांधली. गाठ बाईंना पसंत पडली नाही. त्यांनी सोडून पुन्हा मारली.

विमानतळावर आत जाताना बाई एकदा वळल्या आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "भाऊ, पुढच्या आठवड्यात बागेत रंग उतरेल! लालच पाहा! पिवळ्यावर समाधान मानू नका!" दोन पोलीस आमच्याकडं बघायला लागले. मी हात वर केला. परत येताना गाडीत सून रडत होती, नात झोपली होती, आणि मला एकदम आठवलं. ऑगस्टमध्ये निघायच्या आधीच्या रविवारी आमची ही नातीला भल्या सकाळी उठवायची, डोक्याला तेल थापायची आणि म्हणायची, "तुझी दिवाळीची अंघोळ घालून जाते गं." ऑगस्टात. मला वाटायचं, बाईमाणूस आहे, काहीतरी बोलतेय.

घरी आल्यावर सून म्हणाली, "आबा, उद्याचं राहू दे या वर्षी. माझ्यात जीव नाही." मी बरं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी मी उठलो. खाली येऊन वाटीत तेल घेतलं आणि त्या काचेच्या शेगडीवर कोमट केलं. मसाल्याच्या डब्याशेजारी उटण्याची पुडी सापडली. पाट नव्हता, म्हणून बाथरूममधलं नातीचं प्लॅस्टिकचं स्टूल आणलं. मग तिला हलवून उठवलं. ती डोळे मिटूनच खाली आली आणि स्टुलावर बसली. मी आयुष्यात कुणाच्या डोक्याला तेल लावलेलं नाही. गिरणीच्या दगडांना छिन्नीनं टाकी लावलेले हात माझे. पोर कळवळली, "आबा, नॉट सो हार्ड!" मग हळू लावलं. कपाळाला, हातांना, पायांना. आधी तेल का आधी उटणं, तेही धड ठाऊक नव्हतं. तिनंच सांगितलं, तिला पाठ होतं. अंघोळ करून, परकर-पोलक्यावर जाकीट चढवून ती दारात आली आणि म्हणाली, "व्हेअर इज द टोमॅटो?" अंगठ्याखाली फोडायला इथं कारीट कुठून मिळणार, म्हणून नागपूरची आजी म्हणे दरवर्षी छोटा टोमॅटो ठेवायची. फ्रिज उघडला. टोमॅटो नव्हता.

दार उघडून बघितलं तर पायऱ्यांवर वाऱ्यानं पानं आणून टाकली होती. लाल होती का पिवळी, त्या उजेडात कळत नव्हतं. मी पायानंच ढीग केला. "दे अंगठा. डावा. आणि गोविंदा म्हणायचं."

"लीव्ह्ज आर नॉट कारीट, आबा."

"असू दे."

तिनं अंगठा दाबला. चुर्र झालं. तिला मजा वाटली, दोन्ही पायांनी नाचली आणि ओरडली, "गोविंदा!" कुत्रं घेऊन चाललेला शेजारी थांबला आणि हात हलवून पुढं गेला. "नाऊ यू," नात म्हणाली. मी चप्पल काढली. फरशी बर्फासारखी गार. माझ्या पायाखालची, खालच्या पायरीवरची पानं दवानं ओली होती. दाबली, पण वाजली नाहीत. पुन्हा दाबली, तरी नाहीत. नातीनं माझा हात धरून मला पायरीच्या आतल्या कोपऱ्यात नेलं, तिथं कोरडी होती. मी अंगठा टेकवला, सगळा भार टाकला, आणि माझ्या तोंडून "गोविंदा" एवढा मोठ्यांदा निघाला की वर सुनेच्या खोलीतला दिवा लागला.